यॉर्कटाउनचे बर्डेकाका

बर्डेकाका भर कार्यक्रमात उभे राहायचे. टाळ्या वाजवायला नव्हे आणि पाय मोकळे करायलाही नव्हे. तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीतून हे उंच, हाडकुळे गृहस्थ सावकाश उठायचे, उजवा हात खांद्यापर्यंत वर करायचे आणि व्यासपीठावर जो कोणी बोलत असेल त्याला म्हणायचे, "चूक." मग बरोबर काय ते एका वाक्यात सांगून खाली बसायचे. माझी आणि त्यांची ओळख अशीच झाली. मला नागपूरहून अमेरिकेत हर्नडनला येऊन जेमतेम सहा महिने झाले होते आणि तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मला सूत्रसंचालन मिळालं होतं. नवी पैठणी नेसून मी मोठ्या उत्साहात म्हणाले, "आपल्या मंडळाची स्थापना एका घरगुती आरतीतून झाली." काका उठले. "चूक. मंडळाची स्थापना भांडणातून झाली. गणपती नंतर आला."

तीनशे माणसं खदाखदा हसली. मी माइक घट्ट धरून उभी. त्या दिवसापासून मला हा माणूस आवडला नाही, आणि तो गेल्यानंतरही आवडू लागलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की लोकांना एकदम गहिवर येतो. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नये.

काका मूळचे सांगलीचे. पन्नास वर्षांपूर्वी शिकायला आले आणि व्हर्जिनियातच राहिले. जन्मभर त्यांनी सरकारी नोकरीत पुलांची तपासणी केली. पुलांना पडलेल्या भेगा शोधण्यात उमेदीची वर्षं गेली, निवृत्त झाल्यावर ते माणसांकडे वळले. समोसे गार आहेत, तबला उतरलाय, अध्यक्षांनी घटनेतलं कलम मोडलंय, असं काही ना काही त्यांना सापडायचंच. मंडळाच्या अध्यक्षपदासाठी ते वारंवार उभे राहत आणि वारंवार पडत. मालतीकाकू शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन गप्प बसलेल्या असत. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांनी हे कसं सहन केलं, हा आम्हा बायकांचा पार्किंग लॉटमधला कायमचा विषय होता.

या माणसाला एकाच गोष्टीचं वेड होतं, ते म्हणजे यॉर्कटाउनची लढाई. आमच्या घरापासून तीन तासांवर, नदीकाठी ते गाव आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांचं मोठं सैन्य तिथे कोंडलं गेलं. समोर अमेरिकन आणि फ्रेंच फौजा, मागे समुद्राची वाट अडवून फ्रेंच आरमार. जेमतेम तीन आठवड्यांत इंग्रज शरण आले आणि युद्धाचा निकाल लागल्यासारखाच झाला. काका दर ऑक्टोबरला एकटे तिथे जाऊन शरणागतीच्या मैदानावर उभे राहून यायचे. विजयाबद्दल त्यांना काही देणंघेणं नव्हतं. "जिंकायला नशीब पुरतं," ते म्हणायचे, "हरायला शिस्त लागते."

देशाला अडीचशे वर्षं होणार म्हणून सगळीकडे तयारी सुरू झाली तेव्हा आमच्या मंडळानेही काहीतरी भव्य करायचं ठरवलं. मी कॉलेजपासून नाटकं लिहीत आले आहे. मी सुचवलं, यॉर्कटाउनवर अस्सल मराठी संगीत नाटक करू. नांदी, पदं, ऑर्गन, तबला, सगळं. प्रयोग चांगला झाला तर तो मराठी लोकांच्या मोठ्या अधिवेशनात जाईल, निवड समितीची माणसं बघायला येणार, असं अध्यक्ष प्रसादने जाहीर केलं. मला त्या अधिवेशनाच्या रंगमंचावर जायचंच होतं. दिवसभर ऑफिसात मीटिंगा आणि घरी आल्यावर डबे, यांच्यामधून वेळ काढून मी ते नाटक लिहिलं. शरणागतीच्या प्रवेशासाठी दुर्गा रागात एक पद रचलं. मी आजवर लिहिलेल्यांतलं ते सगळ्यात चांगलं आहे, हे मी आजही म्हणते.

संहिता वाचून "आधी मैदान बघा, मग तालमी करा," असा काकांनी हट्ट धरला आणि प्रसाद भिडस्त असल्यामुळे आम्ही दहा-बारा जण एका रविवारी यॉर्कटाउनला गेलो. वारा असा होता की कानटोप्या उडत होत्या. काकांनी आम्हाला मातीच्या बुरुजांवरून फिरवलं. बंदुकीत गोळी न भरता, नुसत्या संगिनी घेऊन सैनिक या बुरुजावर कसे चढले ते सांगितलं. दोन वाजले तरी बटाटेवड्यांचा ट्रे उघडू दिला नाही. अनिकेत, आमचा पुण्याचा तरुण नट, माझ्या कानाशी म्हणाला, "यार शर्वरीताई, ते लोक भुकेनेच सरेंडर झाले असणार." मैदानाच्या मधोमध काका थांबले. "इथून ते आले. झेंडे गुंडाळून. उघडे झेंडे घेऊन यायची परवानगी नव्हती. आणि त्यांचा सेनापती आला नाही. आजारी आहे म्हणून कळवलं आणि दुय्यम अधिकाऱ्याला तलवार घेऊन पाठवलं."

माझ्या नाटकात इंग्रज सेनापती स्वतः येत होता, गुडघ्यावर बसत होता, आणि त्याच्याभोवती जिंकलेले सैनिक लेझीम खेळत माझं पद गात होते.

"चूक," काका वड्याचा ट्रे माझ्या हातातून काढून घेत म्हणाले.

"काका, हे नाटक आहे. लोकांना व्हिलन हरलेला दिसायला हवा."

"व्हिलन? अहो बाई, ज्याला तुम्ही गुडघ्यावर बसवताय तो पाच वर्षांत हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होऊन गेला. म्हैसूरच्या लढाईत आपलं मराठी सैन्य त्याच्या बाजूने उभं होतं. तेव्हा आपण कुठे लेझीम खेळलो?"

मला हे माहीत नव्हतं. ते त्यांना माझ्या चेहऱ्यावर दिसलं आणि त्यांनी मान हलवली. त्या मान हलवण्याने माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती परतीच्या तीन तासांत उतरली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या कार्यकारिणीला त्यांची अकरा पानी ईमेल आली. तिचा मथितार्थ दोन ओळींचा होता. सेनापती येता कामा नये, आणि शरणागतीच्या वेळी गाणं नको, नुसता ढोल वाजावा. मी एका ओळीत उत्तर दिलं, "गाणं राहील."

तालमी प्रसादच्या बेसमेंटमध्ये सुरू झाल्या. पाठांतर चांगलं आणि रिकामा वेळ भरपूर, म्हणून प्रसादने मला न विचारता काकांना प्रॉम्प्टर केलं. आता प्रॉम्प्टरने काय करायचं असतं? नट अडखळला की पुढचं वाक्य हळूच सांगायचं. काका सांगायचे, पण त्यांना न पटलेलं वाक्य असेल तर ते स्वतःचं दुरुस्त केलेलं वाक्य सांगायचे. अनिकेत बिचारा भाबडेपणाने तेच म्हणायचा. तीन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की दुसऱ्या अंकातला निम्मा संवाद माझा राहिलेलाच नाही. मी संहिता त्यांच्या हातातून हिसकावली. "तुम्ही माझ्या नाटकाची वाट लावताय!"

"नाही बाई. डागडुजी करतोय," काका म्हणाले आणि पुढच्या तालमीला स्वतःची झेरॉक्स घेऊन आले.

मग एप्रिलमध्ये जे झालं त्यात त्यांचा काही हात नव्हता, तरी मी मनातल्या मनात त्यांनाच शिव्या घातल्या. इंग्रज सेनापतीचं काम करणारा निनाद बहिणीच्या लग्नाला मुंबईला गेला, तिथे व्हिसा स्टॅम्पिंगला पासपोर्ट दिला आणि अडकला. "शर्वरी, अजून प्रोसेसिंग दाखवतंय यार, कधी मिळेल काहीच सांगत नाहीत," असा त्याचा रडवेला फोन आला. प्रयोग तीन आठवड्यांवर. लाल कोट पुण्याच्या शेरवानीवाल्याकडून शिवून आलेले. सेनापती मुंबईत. शेवटी दुय्यम अधिकाऱ्यालाच तलवार घेऊन पाठवण्यावाचून गत्यंतर उरलं नाही आणि ते काम पाठ असलेला माणूस एकच होता.

काकांनी विजयाचं अवाक्षर काढलं नाही. नुसता कोट अंगाला लावून पाहिला आणि म्हणाले, "बाह्या आखूड आहेत." गाणं मात्र मी ठेवलं. मालकी माझी होती.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी शाळेच्या सभागृहात प्रयोग झाला. निवड समितीचे तिघं दुसऱ्या रांगेत. नांदीपासून नाटक चढत गेलं. शरणागतीचा प्रवेश आला. गुंडाळलेले झेंडे घेऊन इंग्रज सैनिक दोन रांगांत आले आणि त्यांच्यापुढे काका. मी विंगेत उभी होते. आखूड बाह्यांचा तो लाल कोट, पांढरे केस, आणि आडव्या हातांवर तलवार. त्यांनी ती आधी फ्रेंच सेनापतीपुढे धरली. त्याने अमेरिकन सेनापतीकडे बोट दाखवलं. अमेरिकन सेनापतीने आपल्या दुय्यमाकडे दाखवलं, म्हणजे अनिकेतकडे. काका तीन वेळा वळले. दर वळण्याला त्यांची पाठ आणखी ताठ होत गेली. एवढं चांगलं काम आमच्या मंडळात कोणी केलेलं नव्हतं आणि याचा मला त्या क्षणीही राग आला.

अनिकेतने तलवार घेतली. ऑर्गनचा सूर लागला, लेझीम खळाळली, माझं पद सुरू झालं. पंधरा गळे आणि दुर्गा. संपलं तेव्हा सभागृह उठून उभं राहिलं, आणि मागून आवाज आला, "वन्स मोअर!" मग चारी बाजूंनी, "वन्स मोअर! वन्स मोअर!" संगीत नाटकातला हा मान. आजच्या काळात, अमेरिकेत, माझ्या पदाला. माझे डोळे भरून आले. मी ऑर्गनवाल्याला खूण केली, पुन्हा तलवारीपासून घ्या. अनिकेतने रिवाजाप्रमाणे तलवार काकांना परत द्यायला हात पुढे केला.

काकांनी ती घेतली नाही.

"काका, घ्या ना," अनिकेत दातांतल्या दातांत म्हणाला. ऑर्गन तोच सूर पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. काका खालच्या आवाजात, पण मला विंगेत ऐकू येईल असं म्हणाले, "माणसाला एका दिवसात दोनदा शरण जायला लावत नाहीत." मग त्यांनी आपल्यामागच्या सैनिकांच्या रांगांकडे पाहून मान हलवली, पायऱ्या उतरले आणि प्रेक्षकांच्या मधल्या वाटेने चालू लागले. आणि ते अकरा मूर्ख इंग्रज सैनिक, त्यांना वाटलं हे दिग्दर्शनात आहे, झेंडे घेऊन त्यांच्यामागून दाराबाहेर गेले. पुढच्या दोन प्रवेशांत तेच अकरा जण गावकरी होते. रंगमंचावर गाव उरलंच नाही. प्रसादने पडदा पाडला. निवड समितीतल्या बाई शेजाऱ्याला विचारत होत्या, संपलं का?

लॉबीत मी त्यांना गाठलं. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. शेवटी मी म्हणाले, "तुम्हाला हरण्याची एवढी हौस आहे ना काका? म्हणून अध्यक्षपदाची तीन इलेक्शन्स हरलात!"

"चूक," ते म्हणाले. "चार."

अधिवेशनाला दुसऱ्या एका मंडळाचं विनोदी नाटक गेलं. मी कार्यकारिणीला लेखी कळवलं, बर्डेकाकांनी सगळ्यांसमोर माफी मागेपर्यंत मी मंडळात पाऊल टाकणार नाही. माझ्या बाजूने बहुमत होतं. प्रसाद त्यांच्या घरी गेला. "काका, एक छोटंसं अपॉलॉजी लेटर द्या, मी वाचून दाखवतो. तुम्हाला यायचीसुद्धा गरज नाही." काका म्हणाले म्हणे, "चिठ्ठी पाठवून तंबूत बसायला मी काय सेनापती आहे? मी येतो."

ते गणपतीत आले. राखाडी सूट, टाय, हातात घडी केलेला कागद. आरतीनंतर प्रसादने त्यांचं नाव घेतलं, मलाही व्यासपीठावर बोलावलं. मी मुद्दाम लवकर गेले, मला ते नीट बघायचं होतं. काकांनी चष्मा लावला आणि वाचलं, "मे महिन्यातल्या प्रयोगात मी दिग्दर्शकांची आज्ञा मोडली. माझ्यामुळे शेवटचे दोन प्रवेश झाले नाहीत. सत्तावीस कलाकारांची मेहनत वाया गेली. याला मी एकटा जबाबदार आहे. मी सर्वांची आणि शर्वरीबाईंची माफी मागतो." एकही सबब नाही, इतिहासाचा एक शब्द नाही. त्यांनी कागदाची घडी घातली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी ती घेतली.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

सभागृहात हशा पिकला. पहिल्या रांगेतले लोक हसले, प्रसाद तोंडावर हात ठेवून हसला, आणि मी हसले. हळूच नव्हे, चांगली मोठ्याने हसले. माझा सबंध वर्षाचा राग त्या हसण्यात निघाला आणि मला फार बरं वाटलं.

काका हशा जरा ओसरेपर्यंत थांबले. मग माझ्याकडे वळले. "बाई, कागद द्या जरा."

मी दिला. त्यांनी घडी उघडली आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत पुन्हा वाचलं. त्याच आवाजात, तेवढ्याच सावकाश. दुसऱ्या वाक्याला हसणं थांबलं होतं. "मी एकटा जबाबदार आहे" या वाक्याला लोक माना खाली घालून मोबाइल बघू लागले होते. काकांनी पुन्हा घडी घातली, पुन्हा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. माझा हात लवकर पुढे होईना. शेवटी मी कागद घेतला, तेव्हा ते पायऱ्या उतरून चालू लागले. मालतीकाकू पर्स सावरत उठल्या आणि माझ्यासमोर क्षणभर थांबल्या. "झालं ना मनासारखं?" एवढंच म्हणाल्या.

घरी जाताना गाडीत माझी चौदा वर्षांची लेक मीरा खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "आई, व्हाय डिड यू लाफ?"

"सगळेच हसले, मीरा."

"आय नो. बट ही वॉज गिव्हिंग इट टू यू."

मी रेडिओ लावला.

काका पुन्हा मंडळात आले नाहीत. कार्यक्रमांत आता कोणी उभं राहत नव्हतं, सगळं वेळेवर संपायचं, आणि हे फार छान झालं असं मी चार जणांत म्हणतही होते. जानेवारीत झोपेतच त्यांचं हृदय बंद पडलं. अंत्यदर्शनाला जायचं नाही असं ठरवून मी साडी नेसले आणि गेले. मागच्या भिंतीशी उभी राहिले. निघताना काकूंनी मला हाक मारली. त्या रडत नव्हत्या. "तुमचं ते गाणं हे घरी गुणगुणायचे," त्या म्हणाल्या. "दाढी करताना. मी म्हटलं, त्या बाईशी तुमचं उभा दावा, आणि गाणं तिचं गाता? तर म्हणाले, गाणं उत्तम आहे. तिथे नको होतं, इतकंच."

मी त्यांना नमस्कार केला आणि गाडीत येऊन बसले. रडले, पण ते माझ्यासाठी, त्यांच्यासाठी नव्हे, असं मी स्वतःला बजावलं. भर प्रयोगातून माणूस उठून जातो हे मला अजूनही मान्य नाही. त्या निवड समितीसमोर माझं नाटक अर्धं राहिलं ते त्यांच्यामुळेच, आणि ते मी विसरलेले नाही. पुन्हा भेटले तर पुन्हा भांडेन.

त्यानंतर नाटकाचे आणखी दोन प्रयोग झाले. निनाद व्हिसा मिळून परत आला, पण सेनापती आता नाटकात येत नाही. तो आजारी असल्याचं कळवतो. झेंडे गुंडाळून लोक येतात, एक ढोल वाजतो, तलवार या हातातून त्या हातात जाते आणि अंधार होतो. ते पद मी काढून टाकलं आहे. प्रसाद दर वेळी म्हणतो, "शर्वरी, तिथे जरा स्लो होतं गं, एवढं भारी गाणं आहे तुझ्याकडे, टाक ना परत." मी नाही म्हणते. टाकलं तर लोक वन्स मोअर देतील, हे मला ठाऊक आहे.